दक्षिण जॉर्जियात, आजीच्या स्वयंपाकघरात

शुक्रवार

अटलांटाहून दक्षिणेकडे जाणाऱ्या आय-७५ या महामार्गाच्या दोन्ही कडांना तास-दीड तास लाल चिकणमाती दिसत राहते, आणि मेकन मागे पडले की ती फिकट आणि रेताड होऊ लागते. कोलंबस, मेकन आणि ऑगस्टा या गावांना जोडणारी तिरपी रेघ नकाशावर ओढली, तर तिच्या वर पठाराचा उंचसखल प्रदेश आणि खाली फार प्राचीन काळी समुद्रात बुडालेली सपाट जमीन, अशी जॉर्जिया राज्याची सरळ विभागणी होते. स्थानिक लोक मात्र ही रेघ चिलटांवरून ओळखतात. तिच्या दक्षिणेला उन्हाळाभर माणसाच्या डोळ्यांभोवती चिलटे घोंघावत असतात, आणि बोलणे न थांबवता ओठांच्या कोपऱ्यातून वर फुंकर मारून ती उडवण्याची कला इथल्या मुलांना लहानपणीच अवगत होते. माझ्या सूनबाईला ती उत्तम येते. चिरंजीवांना अजून जमलेली नाही.

सूनबाईचे आजोळ या रेघेखालचे, सम्टर काउंटीतील अमेरिकस या गावाजवळचे. तिथल्या कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबात वाढलेली तिची आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. अनेक वर्षे तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काम केले आणि त्याबरोबर स्वतःचे परसही कधी पडीक ठेवले नाही. जुलैअखेरच्या शनिवार-रविवारी नातवंडे आणि पतवंडे तिच्याकडे जमतात, कारण जॉर्जियातील शाळा ऑगस्ट उजाडताच उघडतात आणि परसातील चवळी, भेंडी, टोमॅटो व मका नेमके याच सुमारास एकदम हाताशी येतात. जमायचे, तोडायचे, सोलायचे, वर्षाची बेगमी फ्रीजरमध्ये भरायची आणि उरेल ते शिजवून खायचे, असा हा कार्यक्रम असतो. अमेरिकेच्या दक्षिणेचे जेवण म्हणजे तळलेली कोंबडी अशी जगभर समजूत आहे. ती खोटी नाही. पण ज्या स्वयंपाकघरातून ही कोंबडी येते ते मुळात भाजी, शेंगा आणि मक्याच्या पिठावर चालणारे आहे, हे तिथे दोन दिवस काढल्याशिवाय ध्यानात येत नाही.

वाटेत फोर्ट व्हॅलीच्या परिसरात पीच घेतले. नंबरप्लेटवर पीचचे चित्र मिरवणाऱ्या या राज्यापेक्षा जास्त पीच कॅलिफोर्निया आणि दक्षिण कॅरोलायनात पिकतात, ही गोष्ट इथे कोणी आनंदाने सांगत नाही. तरीही जॉर्जियाच्या पीचला नाव मिळाले ते याच भागामुळे: शेजारच्या मार्शलव्हिल येथील सॅम्युअल रम्फ या बागायतदाराने १८७०च्या दशकात ‘एल्बर्टा’ ही जात तयार केली आणि तिला आपल्या पत्नीचे नाव दिले. हंगामाच्या सुरुवातीच्या फळांचा गर कोयीला घट्ट चिकटलेला असतो, तर जुलैमधील फळाची कोय नुसते दोन्ही हातांनी पिळले तरी सुटून येते. कॉबलर या फळांच्या भाजलेल्या गोड पदार्थासाठी हीच फळे हवीत, असे सूनबाईने आजीच्या वतीने बजावले होते.

अमेरिकसला पोहोचेपर्यंत पाच वाजले. ओसरीच्या शेजारी गॅसच्या शेगडीवर भलेमोठे पातेले चढवलेले होते आणि त्यात ओल्या भुईमुगाच्या शेंगा मिठाच्या पाण्यात दुपारपासून उकळत होत्या. सातारा जिल्ह्यात माझे बालपण गेले, त्यामुळे उकडलेल्या शेंगांचे मला काय नवल! मात्र आपण त्या कुकरच्या चार शिट्यांत मोकळ्या करतो, तर इथे तीन-चार तास उकळून पुढे तितकाच वेळ त्याच पाण्यात मुरू देतात. दाणा अगदी मऊ होतो आणि शेंग फोडताच आतले खारे पाणी मनगटापर्यंत ओघळते. अमेरिकेतील निम्म्याच्या आसपास भुईमूग एकट्या जॉर्जियात पिकतो आणि त्यातला मोठा वाटा या नैऋत्य भागाचा आहे; रेताड जमिनीत आऱ्या सहज शिरतात आणि काढणीला शेंगा मातीतून अलगद सुटतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बोंडावरच्या भुंग्याने इथला कापूस खाल्ला नसता, तर एवढा भुईमूग बहुधा कोणी पेरलाच नसता.

रात्रीचे जेवण म्हणजे टोमॅटोचे सँडविच. मऊ पांढरा पाव, त्यावर ड्यूक्स या ब्रँडचे मेयोनेझ, टोमॅटोची बोटभर जाड चकती, मीठ आणि भरपूर मिरपूड. १९१७ साली दक्षिण कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथे युजेनिया ड्यूक नावाच्या बाईंनी सुरू केलेल्या या मेयोनेझमध्ये साखर नसते, आणि या घरात दुसऱ्या कोणत्याही मेयोनेझला प्रवेश नाही. आजी मला ‘बेबी’ म्हणत होती. नोकरीतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली आहेत, हे तिला सांगून काही उपयोग नव्हता. तिच्या दारात येणारे सगळेच ‘बेबी’ असतात, आणि तिला उत्तर देताना सगळेच ‘येस मॅम’ म्हणतात, पन्नाशीचे जावईसुद्धा.

शनिवार

सकाळी सहाला सगळे परसात होते, कारण नऊनंतर तिथे उभे राहणे अशक्य होते. भेंडी तोडायला पूर्ण बाह्यांचा सदरा लागतो, नाहीतर झाडाच्या बारीक लवेने कोपरापर्यंत खाज सुटते. हे मला माहीत होते, पतवंडांना सांगूनही पटले नाही आणि अर्ध्या तासात सगळी नळाखाली हात धरून उभी राहिली.

न्याहारीला मक्याची भरड होती. जात्यावर दळलेली ही भरड, जिला ग्रिट्स म्हणतात, पाण्यात पाऊण तास मंद आचेवर ढवळत शिजवावी लागते, आणि पाच मिनिटांत होणाऱ्या पाकिटातल्या भरडीबद्दल आजी जे बोलली ते येथे लिहिण्यासारखे नाही. सोबत बिस्किटे होती, म्हणजे ताकातला, पदर सुटणारा, गरम गरम पाव. ही बिस्किटे मी हाताशी उभी राहून पाहिली. पीठ व्हाइट लिलीचेच हवे. टेनेसीतील नॉक्सव्हिल येथे १८८३ साली सुरू झालेल्या या ब्रँडचा मैदा मऊ गव्हाचा असतो. त्यात प्रथिने कमी असल्यामुळे पीठ चिवट होत नाही. थंडगार लोण्याचे तुकडे आजीने बोटांच्या टोकांनी पिठात चोळले, सगळे नाहीसे होऊ न देता काही वाटाण्याएवढे तसेच ठेवले, मध्ये खळगा करून ताक ओतले आणि जेमतेम गोळा होईल एवढेच कालवले. मग ते पीठ ओट्यावर थापून घडी घालायची, पुन्हा थापायचे, पुन्हा घडी. कापताना साचा सरळ खाली दाबून सरळ वर उचलायचा. तो फिरवला तर कडा चिकटतात आणि बिस्किट फुगत नाही. बिडाच्या तव्यात ती एकमेकांना खेटून लावायची, म्हणजे आडवी पसरायला जागा न मिळाल्याने वर चढतात. ओव्हन ४७५ अंश फॅरनहाइटवर. वजन-माप कशाचेही नव्हते. पीठ लाकडी काठवटीतच असते आणि लागेल तेवढेच ओले करून उरलेले चाळून परत ठेवले जाते. वर ओतायला उसाची काकवी. उत्तर जॉर्जियाच्या डोंगराळ भागात गोड ज्वारीच्या ताटांपासून काकवी करतात, तशीच ती आमच्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनेही केली आहे, हे मी सांगितल्यावर आजीने ज्वारीची काकवी तिला कधीच आवडली नाही, ती कडवट लागते, असे स्पष्ट सांगितले आणि विषय संपला.

त्यानंतर दुपारपर्यंत ओसरीवर चवळी सोलण्याचे काम चालले. ही जात जांभळ्या सालीची. दाण्याच्या डोळ्याभोवती काळ्याऐवजी गुलाबी कडा असते. शेंगेच्या टोकाशी अंगठ्याने शीर ओढायची आणि नख आतून सरकवत दाणे मांडीवरच्या परातीत पाडायचे. तासाभरात नखांच्या कडा जांभळ्या होतात आणि तो रंग दोन दिवस निघत नाही. प्रत्येकाच्या परातीत किती भरले यावर आजीचे बारीक लक्ष होते. ज्या शेंगा फार कोवळ्या म्हणून सोलता येत नाहीत त्या ती तुकडे करून दाण्यांतच टाकत होती.

चवळी मूळची आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी ती तिथून भारतात आली आणि आपलीच होऊन गेली. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र ती पोहोचली गुलामांच्या जहाजांबरोबर, आणि भेंडीही तशीच. मळेवाल्या गोऱ्या घरांत ती शिजवणारे हात आफ्रिकेतून आणलेल्या बायकांचे आणि पुढे त्यांच्या लेकी-नातींचे होते, त्यामुळे ‘दक्षिणेचे जेवण’ म्हणून जे जगभर मिरवले जाते त्याची चव मुख्यतः त्यांनी ठरवली. आजी याविषयी व्याख्यान देत नाही. तिची आई गावातल्या ज्या खानावळीत स्वयंपाक करी तिथे बसून खाण्याची तिला मुभा नव्हती, एवढे तिने शेंगा सोलता सोलता सांगितले. १९६३च्या उन्हाळ्यात अमेरिकसमध्ये वर्णभेदाविरुद्ध निदर्शने करणाऱ्या शाळकरी मुलींना पकडून लीसबर्ग येथील एका जुन्या कोठडीवजा इमारतीत कित्येक आठवडे डांबून ठेवले होते. घरच्यांना सुरुवातीला त्यांचा पत्ताही कळू दिला नव्हता. आजी तेव्हा विशीत होती. त्या मुलींचा विषय निघाल्यावर सूनबाईने तो थोडा वाढवून पाहिला, पण आजीने मका सोलायला घ्या म्हणून सांगितले.

इथून पश्चिमेला, अलाबामा राज्यात, टस्कीगी आहे. कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ साली तिथल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत आले, आणि कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीत भुईमूग, चवळी आणि रताळी लावा, असे आसपासच्या गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना सांगत राहिले. मराठी वाचकाला कार्व्हर परके नाहीत, परंतु आपण त्यांना शेंगदाण्याच्या असंख्य उपयोगांसाठी लक्षात ठेवले आहे. या ओसरीवर बसल्यावर त्या सल्ल्याचा खरा अर्थ समजला: भुईमूग आणि चवळी जमिनीत नत्र परत घालतात, आणि विकली गेली नाहीत तरी घरातल्या पातेल्यात जातात. कापूस खाता येत नाही.

मक्याचे काम वेगळेच कौशल्य मागते. कणसावरचे दाणे धारदार सुरीने अर्ध्या उंचीवर कापायचे, मग सुरी उलटी धरून तिच्या पाठीने कणीस खरडायचे, म्हणजे दाण्याच्या बुडाशी राहिलेले दूध बाहेर येते. हे दूध आणि दाणे लोण्यावर बिडाच्या कढईत दाटसर होईपर्यंत परतले की क्रीम्ड कॉर्न तयार. त्यात क्रीमचा थेंबही नसतो. ओटा, भिंत, चष्मा असे सगळीकडे मक्याचे शिंतोडे उडाले होते.

आता डुकराच्या मांसाविषयी, कारण माझ्यासारख्या पाहुण्याची खरी अडचण तिथेच आहे. कोंबडी-मासे मला चालतात, डुकराचे मांस मी खात नाही. आणि दक्षिणेत चवळी असो, पालेभाजी असो वा घेवडा असो, पातेल्यात धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा पडल्याशिवाय ती शिजली असे मानत नाहीत. तो तुकडा मात्र असतो किती? वीस माणसांच्या चवळीला मुठीएवढा. गरिबाघरी मांस पोट भरण्यासाठी नव्हतेच. ते फोडणीच्या जागी होते. शेगडीशेजारी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात बेकन तळून उरलेली चरबी गाळून साठवतात, आणि कुठल्याही भाजीत त्यातली चमचाभर जाते. आजीने माझ्यासाठी दुसरे पातेले लावले: कांदा, लोणी, लाल मिरचीचा एक तुकडा आणि मीठ. ती ताजी चवळी पाऊण तासात शिजली आणि तिचा करडा-जांभळा रस वाटीने पिण्यासारखा झाला होता.

संध्याकाळी मला उसळ करायला सांगण्यात आले. गोडा मसाला, गूळ आणि आमसूल मी पुण्याहून नेलेले सूनबाईच्या घरी होते, ते तिने आठवणीने सोबत घेतले होते. खोबरे मात्र गोडावलेलेच मिळाले, म्हणून ते वगळले. सगळ्यांनी चांगली वाढून घेतली. आजीने दोन घास शांतपणे खाल्ले आणि म्हणाली, “बेबी, मसाला फार छान आहे, पण चवळी कुठे गेली?” उसळीच्या बाजूने मी बरेच बोलले, हिवाळ्यात वाळलेल्या चवळीला हाच मसाला तारतो, असेही सांगितले. ते तिने मान्य केले. ताज्या दाण्याच्या बाबतीत मात्र तिचे म्हणणे बरोबर होते असे मला वाटते.

मधल्या वेळात आम्ही प्लेन्सला एक फेरी मारून आलो. पश्चिमेला पंधरा-सोळा किलोमीटरवरचे हे छोटेसे गाव जिमी कार्टर यांचे. १९७७ ते १९८१ या काळात राष्ट्राध्यक्ष राहिलेला हा माणूस लहानपणी याच गावाच्या रस्त्यावर उकडलेल्या शेंगा विकत असे, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या १००व्या वर्षी, इथेच वारला. गावाबाहेर आर्चरी येथे त्यांच्या बालपणीचे शेत आणि घर राष्ट्रीय उद्यान विभागाने जपले आहे. घर पाहण्यासारखे आहे. दात दाखवणारा शेंगेचा उंच पुतळा फोटोपुरता ठीक. ऊन मात्र असे होते की कोणाचे पाय गाडीपासून फार लांब गेले नाहीत.

रविवार

चर्च अकराला असते, त्यामुळे कोंबडी सकाळी आठच्या आत तळून झाली. तुकडे रात्रभर ताक, मीठ आणि तिखट सॉसमध्ये भिजत होते. ते निथळून, मिरपूड घातलेल्या मैद्यात घोळवून, पुन्हा जाळीवर वीस मिनिटे तसेच ठेवायचे, म्हणजे पीठ ओलसर होऊन अंगाला धरते आणि तेलात सुटत नाही. बिडाची खोल कढई, शेंगदाण्याचे तेल, आणि तेही तुकडा अर्धाच बुडेल एवढे. एक बाजू झाली की एकदाच उलटायचे. तेलाचा आवाज बारीक झाला की तुकडा आतपर्यंत शिजला, ही आजीची खूण. नातीने थर्मामीटर लावून पाहिला आणि तो खिशात ठेवून दिला. याच तेलात मग मक्याच्या पिठात घोळवलेली भेंडी पडली. ती चकत्या करून आधी धुवायची नाही, चिरल्यावर सुटणाऱ्या चिकटपणावरच पीठ बसते, हे आपल्या कुरकुरीत भेंडीपेक्षा अगदी उलट. आपण तर ती कापडाने कोरडी पुसून घेतो.

चर्चविषयी लिहिण्याचा अधिकार मला नाही. गाणे उत्तम होते, आणि प्रवचन लांबले तशी मागच्या बाकांवर जेवणाची चर्चा सुरू झाली.

अडीचला पान मांडले गेले, म्हणजे कागदी थाळ्या घेऊन सगळे ओट्यापाशी रांगेत उभे राहिले. कोंबडी, चवळी (दोन पातेली), भेंडी, क्रीम्ड कॉर्न, दुधीच्या कुळातल्या पिवळ्या भोपळ्याचे चीज घालून भाजलेले कॅसरोल, टोमॅटोच्या चकत्या, उकडलेल्या अंड्यांच्या मसालेदार वाट्या, काकडी-कांद्याचे व्हिनेगरातले लोणचे, आणि मक्याचा पाव. मोजून पाहिले तर मांसाचा पदार्थ एकच होता. पिण्यासाठी गोड चहा: उकळत्या पाण्यात चहाबरोबर चिमूटभर खाण्याचा सोडा, म्हणजे तुरटपणा जातो, आणि गरम असतानाच विरघळवलेली इतकी साखर की माझ्या मधुमेही यजमानांना आम्ही तो फोनवर नुसता वर्णन करूनच सांगितला.

मक्याच्या पावावरून भांडण होणार हे सूनबाईने आधीच सांगितले होते आणि ते झालेही. बिडाचा तवा ओव्हनमध्ये चरबीसकट कडकडीत तापवायचा, त्यात मक्याचे पीठ, ताक व अंड्याचे पातळ मिश्रण ओतले की चर्र आवाज होऊन कडेला लगेच खरपूस पापुद्रा धरतो, इथवर सर्वांचे एकमत असते. वाद आहे साखरेचा. अटलांटात वाढलेले आतेभाऊ दोन चमचे साखर घालतात. आजीच्या मते मग तो पाव राहत नाही, केक होतो, आणि केक करायचा असेल तर केकच करावा. एका जावयाने, साखरेची गरज पूर्वी नव्हती कारण जात्यावर दळलेला मका स्वतःच गोड असे, असा मध्यम मार्ग काढला. आजीने त्याला आणखी एक तुकडा वाढला, पण साखरेबाबत काही बोलली नाही.

कॉबलर सर्वात सोपे आणि सर्वात लवकर संपले. पसरट भांड्यात लोणी वितळवायचे, त्यावर मैदा, साखर आणि दुधाचे पातळ मिश्रण, त्यावर साखरेत सोडलेले पीच. ढवळायचे मुळीच नाही. भाजताना खालचे पीठ फुगून फळांच्या वर येते आणि कडेला लोण्यात तळल्यासारखे होते. ती कडा मिळवण्यासाठी मोठी माणसेही लहान मुलांच्या पुढे घुसत होती.

जेवणानंतर चवळीच्या वाटण्या झाल्या. सोललेले दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटे बुडवून, बर्फाच्या पाण्यात गार करून, पिशव्यांत सपाट भरले होते आणि प्रत्येक पिशवीवर आजीने काळ्या पेनाने साल घातले होते. त्यांतल्या काही पिशव्या तिने मोठ्या फ्रीजरच्या तळाशी ठेवल्या. १ जानेवारीला दक्षिणेत प्रत्येक घरी चवळी आणि पालेभाजी शिजते, चवळी नाण्यांसाठी आणि पाला नोटांसाठी, आणि त्या दिवशी बाजारातली चवळी तिच्या घरात चालत नाही. जानेवारीत कोणी काय आणायचे तेही तिथेच ठरून गेले: चिरंजीवांकडे भात आला आणि मला उसळ सांगितली गेली, वाळलेल्या चवळीची, पूर्ण मसाल्याची. आमच्या वाट्याच्या पिशव्या बर्फाच्या पेटीत भरून आम्ही चारला निघालो, कारण मेकनच्या पुढे रविवारी संध्याकाळी वाहतूक तुंबते आणि सोमवारी सूनबाईची शाळा सुरू होत होती. ती शिक्षिका आहे.